लाभार्थी-सहभाग, सामाजिक सेवांच्या नियोजनातील (बारामती व इंदापूर)

वृद्ध, दिव्यांग, निराधार किंवा दीर्घ आजाराने परावलंबी झालेल्या व्यक्तींसाठी कोणती सेवा घ्यायची, तिच्यावर किती खर्च करायचा आणि ती कोणाकडून करून घ्यायची, हे ठरवताना त्या व्यक्तींना व त्यांची देखभाल करणाऱ्या कुटुंबीयांना निर्णयात स्थान देण्याच्या पद्धतीला लाभार्थी-सहभाग म्हणतात. सर्वांना एकच वस्तू न देता ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे आखलेली सेवा ती व्यक्तिकेंद्री सेवा. ब्रिटनमध्ये १९९६च्या कायद्याने सेवेऐवजी थेट रक्कम देण्याचा मार्ग खुला केला आणि इंग्लंडच्या २०१४च्या केअर अ‍ॅक्टने पात्र व्यक्तीचे वैयक्तिक अंदाजपत्रक कायद्यात आणले. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर तालुक्यांत अशी एकसंध व्यवस्था नाही. तिचे घटक ग्रामपंचायत, तहसील कार्यालय आणि जिल्हा परिषद यांच्यात विखुरलेले असून त्यांतला स्थानिक निर्णयाला सर्वाधिक वाव देणारा, म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा घटक ग्रामपंचायतीचा दिव्यांग निधी हा होय.

या सहभागाला कायद्याचा आधार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारनाम्यास भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. दिव्यांगांविषयीचे निर्णय त्यांच्याशी विचारविनिमय करूनच घ्यावेत, असे त्याचा चौथा अनुच्छेद सांगतो. त्यानुसार झालेल्या २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश असून, ज्याला अधिक आधाराची गरज वाटते अशा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीस तसा अर्ज करण्याचा अधिकार कलम ३८ने दिला आहे. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही स्थापन केला.

ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाचा, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी व इतर स्थानिक करांतून आलेल्या रकमेचा ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करावा, असा राज्यात नियम आहे; पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. निधी गावात जमा होतो, गावातच खर्च होतो आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत विचारता येतो, त्यामुळे गरज विचारून खर्च करण्याची खरी संधी येथेच आहे. तरीही व्यवहारात समान वाटपाकडे कल राहतो, कारण त्यात तक्रार उद्भवत नाही आणि कागदपत्रेही सोपी होतात. उदाहरणादाखल, स्वउत्पन्न १० लाख रुपये असलेल्या ग्रामपंचायतीत हा निधी ५० हजार रुपये होतो आणि गावात ५० दिव्यांग असल्यास प्रत्येकाच्या वाट्याला हजार रुपये येतात. एवढ्या रकमेत ना शौचालयाला उतार व कठडा होतो, ना अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी योग्य खाट येते. याउलट, त्या वर्षी कोणाची निकड मोठी आहे हे दिव्यांगांनीच एकत्र बसून ठरवले आणि उरलेल्यांचा क्रम पुढच्या वर्षांसाठी लिहून ठेवला, तर तीच रक्कम काही घरांचे रोजचे हाल थांबवू शकते. समान वाटप न्याय्य दिसते, पण गरजा समान नसताना ते न्याय्य नसते.

गरजा किती वेगळ्या असतात हे या दोन तालुक्यांच्या भूगोलावरूनही कळते. नीरा डाव्या कालव्याखालील बागायती पट्ट्यात अनेक कुटुंबे गावठाणाबाहेर, उसाच्या शेतातल्या वस्त्यांवर राहतात. चारीच्या कडेची कच्ची वाट पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाने भरली की शिबिरात मिळालेली तीनचाकी सायकल गोठ्यात उभी राहते; तेथे अंगणापर्यंत मुरुमाचा रस्ता हीच पहिली सेवा ठरते. सुपे-मोरगावकडील जिरायती भागात पाणी आणण्याचा प्रश्न आधी येतो. केंद्राच्या एडिप योजनेत व २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत तपासणी शिबिरात माप घेऊन ठरावीक यादीतील साधन दिले जाते, पण ते कोणत्या घरात व कोणत्या वाटेवर वापरायचे, हे शिबिराच्या मंडपात कळत नाही. राज्याच्या २०२४च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत मात्र ६५ वर्षे पूर्ण झालेल्या पात्र ज्येष्ठांच्या बँक खात्यात एकरकमी ३,००० रुपये जमा होतात आणि चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची यांपैकी काय घ्यायचे ते ज्येष्ठ स्वतः ठरवतात. रक्कम तुटपुंजी असली तरी थेट रकमेच्या तत्त्वाशी सर्वांत जवळची हीच योजना आहे.

तहसील पातळीवर १९८० मध्ये सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज अशासकीय सदस्य असलेल्या समितीपुढे येतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींच्या पालकत्वासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकारी स्तरावर स्थानिक समिती असते आणि तीत एक दिव्यांग सदस्य असणे बंधनकारक आहे. समितीतील एक खुर्ची म्हणजे पुरता सहभाग नव्हे. त्यासाठी अनुकरणीय पद्धत आरोग्यक्षेत्रात सापडते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख व नियोजन सुरू झाले, त्यांत पुणे जिल्हाही होता. ‘साथी’ या पुण्याच्या संस्थेने त्याचे समन्वयन केले. गावकरी सेवेचे गुणपत्रक भरत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना त्याची उत्तरे द्यावी लागत. देखभाल सेवांसाठी अशी जनसुनवाई घ्यायला कोणतीही अडचण नाही.

काही लोक या चौकटीच्या पूर्णपणे बाहेर राहतात. माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या हंगामासाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून येणारी ऊसतोड कुटुंबे कोप्यांमध्ये राहतात. त्यांची नावे येथील मतदार यादीत नसल्याने ती येथील ग्रामसभेची सदस्य नसतात आणि ज्या ग्रामसभेची ती सदस्य असतात, तिच्या हिवाळ्यातील बैठकांच्या वेळी ती गावी नसतात. घरातील परावलंबी माणसाचे सर्व करणाऱ्या सुना व मुलींचेही मत क्वचितच नोंदवले जाते, वास्तविक उचलणे, न्हाऊ घालणे, औषध देणे यांतली अडचण त्याच नेमकी सांगू शकतात.

पुढील वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करण्याची मोहीम साधारणपणे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. म्हणून दिव्यांग, ज्येष्ठ व त्यांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया यांची स्वतंत्र बैठक त्याआधी, शक्यतो वस्तीवरच घ्यावी, तेथे मांडलेली प्रत्येक गरज नावानिशी इतिवृत्तात नोंदवावी आणि ती मान्य न झाल्यास कारण लेखी द्यावे.