नकार देण्याची मुदत : व्हेनिसमधील एका ननची दीक्षा (थ्रेड)

१/ व्हेनिसच्या कास्तेल्लो भागात सांत आन्ना नावाचा बेनेडिक्टी पंथाच्या ननांचा मठ होता. १६१७ साली तेरा वर्षांची एलेना कासान्द्रा ताराबोत्ती तेथे राहावयास आली. १६२० मध्ये तिने मठाचा वेश घेतला, १६२३ मध्ये आजन्म व्रते घेतली आणि ती ‘आर्कान्जेला’ झाली. यांपैकी काहीही आपल्या मनाने झाले नव्हते, असे पुढे तिनेच लिहून ठेवले.

२/ चर्चच्या कायद्याप्रमाणे असे घडावयास नको होते. मुलींना बळजबरीने मठात घालण्याची चाल जुनीच होती आणि ती रोखण्यासाठी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने डिसेंबर १५६३ मधील आपल्या शेवटच्या, पंचविसाव्या अधिवेशनात नियम केले होते. दीक्षेची प्रक्रिया मुलीला माघार घेता यावी अशा बेताने बांधलेली होती. ती नीट पाहण्याजोगी आहे.

३/ पहिली पायरी प्रवेशाची. अनेक मुली लहानपणीच शिक्षणासाठी मठात राहावयास येत. तेथील नन बहुधा आत्या, मावशी किंवा थोरली बहीण असे. एलेनाही अशीच निवासी म्हणून आली. दीक्षा घ्यावयाची ठरली, की मठातील ननांच्या सभेत तिला स्वीकारण्याविषयी मत घेतले जाई.

४/ दुसरी पायरी वेशग्रहणाची. केस कापले जात, संसारी वस्त्रे उतरवून मठाचा वेश चढवला जाई, नवे नाव मिळे. बारा वर्षांवरील मुलीला वेश देण्यापूर्वी बिशपने किंवा त्याच्या प्रतिनिधीने तिची चौकशी करावी, असा ट्रेंटचा नियम होता. तुला कोणी भाग पाडले आहे काय? भुलवले आहे काय? आपण काय करत आहोत हे तुला समजते काय?

५/ त्यानंतर नवदीक्षितेचा काळ, किमान एक वर्षाचा. पंथाचे नियम, लॅटिन प्रार्थना, दिवसरात्रीच्या ठरावीक वेळी होणारे सामूहिक स्तोत्रपठण हे सारे तिने या काळात शिकावयाचे. मुलगी मठाला पारखी आणि मठ मुलीला. या काळात ती घरी परत जाऊ शकत होती. सोळा वर्षे पूर्ण होण्याआधी घेतलेली व्रते मुळातच रद्दबातल.

६/ या नियमांतील सर्वांत व्यवहारी कलम पैशाचे आहे. व्रतग्रहणापूर्वी मुलीच्या मालमत्तेतून अन्नवस्त्राच्या खर्चापलीकडे काहीही मठाला देऊ नये, असे परिषदेने ठरवले. कारण उघड होते : रक्कम आधीच मठाच्या पेटीत गेली, तर मुलगी बाहेर कशी पडणार? कायदा करणाऱ्यांना मठांचे हिशेब चांगले ठाऊक असावेत.

७/ शेवटची पायरी व्रतग्रहणाची. मठाच्या प्रमुखेने एक महिना आधी बिशपला कळवावयाचे आणि मुलीची पुन्हा एकदा चौकशी व्हावयाची. बेनेडिक्टी पंथात तीन वचने असतात : आज्ञापालन, जीवनपरिवर्तन आणि स्थैर्य. स्थैर्य म्हणजे याच मठात मरेपर्यंत राहणे. ट्रेंटने ननांच्या बाहेर जाण्यावर कडक बंदी घातलेली असल्याने हा शब्द अक्षरशः खरा ठरे.

८/ ताराबोत्तीने या विधीचे वर्णन केले आहे. मुलगी जमिनीवर पालथी पडते, तिच्यावर काळे कापड घालतात, उशापायथ्याशी मेणबत्त्या लावतात आणि वर प्रार्थना म्हटल्या जातात. जगाला मेलेली व्यक्ती ईश्वरासाठी जिवंत होते, हा त्यामागचा धार्मिक अर्थ. स्वेच्छेने आलेल्या स्त्रीला तो अर्थ भिडत असेलच. जी स्वेच्छेने आली नव्हती, तिला तिथे केवळ प्रेतयात्रा दिसली.

९/ जबरदस्ती करणाऱ्यांना शिक्षा बहिष्काराची होती, म्हणजे चर्चमधून हकालपट्टी. ती बापालाच होती असेही नाही. जबरदस्ती ठाऊक असूनही समारंभाला हजर राहणारा किंवा संमती देणारा प्रत्येक जण तिच्या कक्षेत येत होता. कायदा शब्दशः पाळला गेला असता, तर व्हेनिसमधील अनेक प्रतिष्ठित घराणी बहिष्कृत झाली असती.

१०/ कारण हुंडा. व्हेनिसच्या सरदार घराण्यांत हुंड्याचे आकडे इतके फुगले होते, की सिनेटने १५०५ मध्ये ३,००० डुकाटची मर्यादा घातली. ती टिकली नाही. १५७५ पर्यंत ती ६,००० वर न्यावी लागली, आणि तीही पाळली जात नव्हती. मठालाही ‘हुंडा’ द्यावा लागे, पण तो पुष्कळच कमी असे. एका मुलीचे लग्न थाटात, बाकीच्या मठात, हा हिशेब मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

११/ १५८१ च्या सुमारास व्हेनिसच्या सरदारकन्यांपैकी निम्म्याहून अधिक मठांत होत्या, असा काही इतिहासकारांचा अंदाज आहे. १६१९ मध्ये तेथील धर्मप्रमुख जोव्हान्नी त्येपोलो याने तर उघडच मांडले, की शहरातील दोन हजारांवर कुलीन स्त्रियांनी आपले स्वातंत्र्य ईश्वराबरोबरच मातृभूमीला आणि आप्तांनाही अर्पण केले आहे. म्हणजे मुलींच्या संमतीची चौकशी ज्याच्या अधिकारात होती, त्यालाच या व्यवस्थेची गरज पटलेली होती.

१२/ थोडे विषयांतर, पण आपल्या जवळचे. हेच नियम १६०६ मध्ये गोव्यात आले. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस याने जुन्या गोव्यात ऑगस्टिनी ननांसाठी सांता मोनिका मठ स्थापला. तेथे मात्र तक्रार उलट होती. श्रीमंत विधवा आणि मुली आपली संपत्ती घेऊन मठात जातात आणि पोर्तुगीज वसाहतीला वधू मिळत नाहीत, असे गोव्याच्या नगरसभेचे म्हणणे होते. मुलीने काय करावे हे ठरवू पाहणारे दोन्ही शहरांत पुरुषच होते. ती इमारत आजही उभी आहे.

१३/ आता एलेनाकडे. ताराबोत्ती हे सरदार घराणे नव्हते. घरात मुले पुष्कळ. ती मुलींत थोरली, आणि वडिलांप्रमाणे पायाने अधू. लग्नाच्या बाजारात तिला ‘किंमत’ नव्हती. धाकट्या बहिणीचा विवाह मात्र जाकोमो पिगेत्ती या वकिलाशी झाला. (याच मेहुण्यामुळे पुढे तिची व्हेनिसच्या लेखकमंडळींशी ओळख झाली.)

१४/ तेरा वर्षांपासून मठात वाढलेली मुलगी बिशपच्या प्रतिनिधीसमोर ‘नाही’ कशी म्हणणार? म्हटले तरी जाणार कोठे? ज्या घराने पाठवले, त्याच घरी. चौकशीत प्रश्न विचारले जात होते. नकारानंतर त्या मुलीचे काय करावयाचे, याविषयी कायदा मूक होता.

१५/ व्रते घेतल्यानंतरही एक वाट शिल्लक होती. आपल्यावर जबरदस्ती झाली असे सांगावयाचे असेल, तर व्रतग्रहणापासून पाच वर्षांच्या आत मठाच्या प्रमुखेकडे आणि बिशपकडे कारणे मांडावयाची. त्यानंतर तक्रार ऐकली जात नसे. ताराबोत्तीची ही मुदत १६२८ मध्ये संपली. तिचे पहिले पुस्तक छापले गेले ते १६४३ मध्ये.

१६/ त्या पुस्तकाचे नाव होते ‘मठातील स्वर्ग’. हे अनेकांना बुचकळ्यात टाकते, पण तिच्या विचारात विसंगती नाही. स्वतःच्या इच्छेने आलेल्या ननेसाठी मठ स्वर्ग आहे, असे तिचे ठाम मत होते. तिचा रोष धर्मावर नव्हता. मुलींना फसवणाऱ्या बापांवर आणि त्यातून फायदा उपटणाऱ्या राज्यावर होता. तिला केवळ ‘बंडखोर नन’ म्हणून मिरवणारे लेखन हा भाग गाळते.

१७/ ‘मठातील नरक’ हे दुसरे पुस्तक तिने लिहिले, ते हस्तलिखितातच फिरत राहिले. ‘पित्यांची जुलूमशाही’ असे मूळ नाव असलेले तिसरे पुस्तक तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १६५४ मध्ये, टोपणनावाने आणि ‘फसवलेला भोळेपणा’ अशा सौम्य शीर्षकाने हॉलंडमध्ये छापले गेले. १६६० मध्ये रोमने ते निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातले.

१८/ प्रक्रियेत मूलभूत बदल व्हावयास बराच काळ गेला. १९१७ च्या चर्च कायद्याने आजन्म व्रतांपूर्वी तीन वर्षांची तात्पुरती व्रते सर्वत्र बंधनकारक केली. १९८३ च्या, म्हणजे आजच्या, कायद्यात नवदीक्षेसाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण हवीत, तो काळ किमान बारा महिन्यांचा, मग तीन ते सहा वर्षे तात्पुरती व्रते आणि एकवीस वर्षे पूर्ण झाल्यावरच आजन्म व्रते. धाकाने किंवा फसवून घेतलेली व्रते अवैध आहेत.

१९/ ताराबोत्ती १६५२ मध्ये सांत आन्ना मठातच वारली. वयाच्या अठ्ठेचाळीस वर्षांपैकी पस्तीस तिने तेथे काढली होती. ‘मठातील नरक’ प्रथम छापले गेले १९९० मध्ये.