१७. पतंगाने खाल्लेला निवडुंग
मूळ मजकुरात आलेला राजापेठ हा अमरावतीचा बडनेऱ्याच्या वाटेवरचा भाग. निवडुंग म्हणजे इथे फड्या निवडुंग, नागफणी, मूळचा अमेरिकेतला. तो ‘पतंगाने खाल्ला’ असे लेखकाने लिहिले आहे, ते मात्र त्याच्या ऐकण्यातले असावे. तो पतंग म्हणजे कॅक्टोब्लास्टिस. त्याची मादी अंडी एकावर एक रचून काडी करते, ती निवडुंगाच्या काट्यासारखीच दिसते. काळ्या ठिपक्यांच्या नारिंगी अळ्या घोळक्याने फड्यात शिरून तो आतून पोखरतात. अर्जेंटिनातून १९२५ मध्ये हा पतंग ऑस्ट्रेलियात नेला आणि तिथली लाखो एकर जमीन निवडुंगापासून मोकळी झाली. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा गावाने त्याच्या नावाने सभागृहच बांधले. त्याची कीर्ती वर्तमानपत्रांतून दूरवर गेली.

आपल्याकडे, भारतात, निवडुंग संपवण्याचे काम मात्र दुसऱ्याच जिवाचे, कोचिनियल किड्याचे. १७९५ मध्ये रंगाच्या आशेने ब्राझीलहून आणलेला किडा भलत्याच जातीचा निघाला. रंग साधला नाही, पण निवडुंगाची एक जात त्याने संपवत आणली. उरलेल्या चिवट जातीसाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून या किड्याची दुसरी जात आणली, तिने दख्खनमधली निवडुंगाची रानेच्या राने वाळवली. लेखकाने पुढे लिहिलेला ‘फड्यावरचा पांढरा कापूस’ हाच तो किडा. नखाने चिरडला की बोट लालभडक होते, आणि लेखकाच्या आजीचे ‘रक्त निघालं’ हे वाक्य त्यावरूनच समजून घ्यावे. पतंग कापूस धरत नाही. तरी लेखकाचा मूळ मजकूर बदललेला नाही.