टायरची निवड : वेगवान प्रवासासाठी
बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर, सिंदखेड राजा भागातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. रस्त्याची आखणी ताशी १५० किमी. वेगासाठी असून मोटारींना मर्यादा १२० किमी. आहे. अशा वेगात टायरचा खरा शत्रू उष्णता. हवा कमी असल्यास टायरची बाजू प्रत्येक फेरीत दबते, रबर तापते आणि आतले थर सुटू लागतात. वैदर्भीय उन्हाळा त्यात भर घालतो. म्हणून केवळ नक्षी पाहून टायर घेणे धोक्याचे.

टायरच्या कडेवर भारांकाशेजारी वेगाक्षर असते : ‘टी’ म्हणजे १९०, ‘एच’ २१०, ‘व्ही’ २४० किमी. निर्मितीच्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष सांगतात. हवा टायर थंड असतानाच मोजावी. हे सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित काम आहे.

वेगविक्रमाच्या गाड्यांत रबरही टिकत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतील ब्लॅक रॉक वाळवंटात ताशी १,२२८ किमी. गाठणाऱ्या ‘थ्रस्ट एसएससी’ची चाके टायरविना, ॲल्युमिनियमची होती.