रायाडरची बासरी

कॉलेजात असताना इंग्रजी गाण्यांतले शब्द मला कानाने धड पकडता यायचे नाहीत. होस्टेलवरच्या मित्राने कोऱ्या कॅसेटवर भरून दिलेलं कॅमल बँडचं ‘द स्नो गूज’ मात्र पहिल्याच रात्री कळलं. त्यात गाण्याचे शब्दच नाहीत.

बँडच्या मनात आधी तसं नव्हतं. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या या बँडमध्ये चौघे होते: गिटार आणि बासरी वाजवणारा अँड्र्यू लॅटिमर, कीबोर्डवर पीटर बार्डन्स, बेसवर डग फर्ग्युसन, ड्रम्सवर अँडी वॉर्ड. पॉल गॅलिको यांची याच नावाची १९४१ची छोटी कादंबरी त्यांना गीतांसकट संगीतात आणायची होती. लेखकाने हरकत घेतली. गीतं गळली, आणि १९७५मध्ये रेकॉर्ड निघाली ती वेष्टनावर ‘कादंबरीवरून स्फुरलेलं संगीत’ अशी पुस्ती जोडून. माझ्या मते त्या नकारानेच ही रेकॉर्ड घडवली.

आता सगळी गोष्ट सुरांनाच सांगावी लागली. एसेक्सच्या दलदलीत जुन्या दीपगृहात एकटा राहणारा, पाठीला कुबड असलेला चित्रकार रायाडर. जखमी हिमहंस घेऊन त्याच्याकडे येणारी मुलगी फ्रिथा. रायाडर येतो बासरीवर. ज्याला गाव टाळतं, त्याची धून लॅटिमरने रडवी केली नाही. ती प्रसन्न आहे, झपझप चालणाऱ्या माणसाची आहे. हे मला फार मोठं वाटतं. फ्रिथाच्या वाट्याला मोजकेच हळवे सूर येतात, आणि हंसाबरोबर गिटार पंख पसरते.

मग दुसऱ्या महायुद्धातलं, १९४०चं डंकर्क. समुद्रकाठी अडकलेल्या तीन लाखांहून अधिक सैनिकांची सुटका चालली होती. कादंबरीतला रायाडर आपली छोटी होडी घेऊन त्यात उतरतो आणि परत येत नाही. इथे संथ कूच सुरू होतं, पितळी वाद्यं एकावर एक चढत जातात. ही वाद्यवृंदाची बाजू डेव्हिड बेडफर्डची. नंतर उरतात एकट्या फ्रिथाचे कीबोर्डवरचे सूर, आणि शेवटी जिथून निघालो तीच दलदल.

१७ ऑक्टोबर १९७५ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राला सोबत घेऊन कॅमलने हे सगळं वाजवलं. २०१३मध्ये लॅटिमरने ते नव्याने ध्वनिमुद्रित केलं, तोवर बार्डन्सला जाऊन अकरा वर्षं झाली होती. तुम्ही आधी १९७५चंच ऐका, आणि एका बैठकीत, मधला एकही तुकडा न गाळता ऐका.