बार्शी लाइट ते पद्मिनी : तेलाच्या थरावरचा प्रवास

कुर्डुवाडी म्हटलं की रेल्वेच आठवते. पूर्वी या स्टेशनचं नावच 'बार्शी रोड' होतं. १८९७ साली इथून बार्शीकडे अडीच फुटी रुळांवरून बार्शी लाइट धावू लागली. ही एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज इंजिनीअरची करामत. त्याचा हिशेब साधा होता : इंजिन असो की वाघीण, कुठल्याही अ‍ॅक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही. म्हणजे हलके रूळ चालतात आणि खर्च वाचतो.

आता गंमत बघा. हे पाच टन पेलतो कोण? अ‍ॅक्सलचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग. त्याला जर्नल म्हणतात. १८८३ च्या सुमारास बोशाम्प टॉवर इंग्लंडमध्ये रेल्वेच्या अशाच बेअरिंगांवर प्रयोग करत होता. त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर त्यातून तेल वर येऊ लागलं. बूच मारलं, तर तेलाने तेही वर ढकललं! म्हणजे फिरणारं जर्नल स्वतःच तेल ओढून घेतं आणि त्याच्या दाबावर तरंगतं. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. लोखंड लोखंडाला टेकतच नाही, मध्ये केसापेक्षाही पातळ तेलाचा थर असतो.

मोटारीच्या इंजिनात नेमकं हेच घडतं. पिस्टनची वरखाली चाल क्रँकशाफ्ट गोल फिरवतो, आणि त्याची जर्नल्स मेन बेअरिंगांत बसलेली असतात. मिनिटाला तीन हजार फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास. तेलाचा दाब गेला की काही क्षणांत बेअरिंग जळतं.

बार्शी लाइटचा मोटारीशी आणखी एक धागा आहे. सोलापूरला १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद घरचा व्यापार सोडून लक्ष्मणराव फाटकांबरोबर रेल्वेची कंत्राटं घेऊ लागले. बार्शी लाइटच्या मार्गाचं बांधकाम हे त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी. त्याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली.

तोवर इथे मोटारी जोडल्या जात होत्या, बनत नव्हत्या. जनरल मोटर्सचा मुंबईतला कारखाना १९२८ पासून बाहेरून आलेले भाग जोडत असे. पत्रा ठोकता येतो, सीट शिवता येते. क्रँकशाफ्टचं तसं नाही. तापल्या पोलादाचं फोर्जिंग, मग जर्नलचं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत ग्राइंडिंग! स्वातंत्र्यानंतर सरकारने 'इथे बनवा, नाहीतर निघा' असं धोरण घेतलं, आणि जनरल मोटर्स १९५४ साली गेली. प्रीमियर राहिली. वालचंद मात्र १९५३ सालीच गेले.

प्रीमियरची फियाट ११००, पुढे तिचंच नाव पद्मिनी. चार सिलिंडर, क्रँकला तीन मेन बेअरिंगं. खुद्द फियाटने १९६६ च्या १२४ मॉडेलमध्ये पाच दिली, म्हणजे क्रँकला जास्त आधार. आपली पद्मिनी शेवटपर्यंत तीनवरच चालली! स्पर्धा नव्हती, गिऱ्हाईक नंबर लावून उभं होतं. बनवायला शिकलो, सुधारायला उशीर केला, असं मला वाटतं.

तरी ती गाडी टिकली कशी? गल्लीतल्या मेकॅनिकमुळे. जर्नल झिजलं की क्रँक ग्राइंडिंगला जायचा. दहा हजारांश इंच घासायचं आणि तेवढं जाड बेअरिंग बसवायचं. पुन्हा झिजलं की वीस, मग तीस. एकाच क्रँकला तीन-चार आयुष्यं! मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

आज पुण्याच्या भारत फोर्जचे क्रँकशाफ्ट जगभर जातात. पण विजेच्या गाडीत पिस्टनच नाही, मग क्रँक कुठला? पुढच्या पिढीला 'इंजिन बांधायला काढलंय' हे वाक्य समजावून सांगावं लागणार. तुमच्यापैकी कोणाच्या घरी फियाट होती? तिचा क्रँक कितीवर गेला होता, आठवत असेल तर जरूर कळवा.