टू-डू लिस्ट कशी बनवायची? कामाची चालढकल थांबवणारी सोपी पद्धत

टू-डू लिस्ट म्हणजे करायच्या कामांची यादी. मोबाईलमध्ये ती बनवायला दोन मिनिटं लागतात. तरीही 'भरतीचा फॉर्म भरणे' हे काम आठवडाभर तसंच पडून राहतं. शेवटची तारीख गेली की पुढच्या भरतीची वाट पाहायची! असं का होतं? कारण यादीत काम असतं, पण ते कधी आणि कुठून सुरू करायचं हे नसतं.

यादीचा फायदा काय?

राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं, मग हातातल्या कामात लक्ष लागत नाही. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की काम कधी आणि कसं करायचं हे नक्की ठरवलं तरी हा त्रास कमी होतो, काम व्हायच्या आधीच.

'वापसा आला की पेरणी'

मी मंगळवेढ्याचा. आमच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. रब्बीची ही ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते. त्यामुळे शेतकरी नुसतं 'पेरणी करायचीय' म्हणत बसत नाही. पाऊस उघडून वापसा आला की पेरणी, हे ठरलेलं असतं. खूण दिसली की काम सुरू.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी 'असं झालं की हे करायचं' याच पद्धतीवर संशोधन केलं. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्यांचा आढावा घेतला. नुसता निश्चय करण्यापेक्षा अशी खूण ठरवली तर ध्येय गाठायला चांगली मदत होते, असं त्यात दिसलं.

यादीत असं लिहा

- 'गणित करणे' नको. 'सकाळचा चहा झाला की शेकडेवारीची १० गणितं' असं लिहा.
- 'फॉर्म भरणे' नको. 'आज जेवण झालं की फोटो आणि सही स्कॅन' असं लिहा.
- दिवसाला ३ ते ५ कामं पुरेत.

मोबाईलमध्ये काय करायचं?

१. गुगल टास्क्स हे मोफत ॲप घ्या. कामाला तारीख आणि वेळ द्या, म्हणजे त्या वेळी नोटिफिकेशन येईल.
२. फॉर्मसाठी शेवटच्या तारखेच्या ५ दिवस आधीची तारीख टाका.
३. होम स्क्रीनवर रिकाम्या जागी बोट दाबून धरा, 'विजेट्स'मधून टास्क्स निवडा. आता ॲप न उघडता यादी समोर दिसेल.
४. यादी बघायला गेलो आणि रील्समध्ये अडकलो, असं होत असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग उघडा आणि फोकस मोड लावा. निवडलेली ॲप्स तेवढा वेळ बंद राहतात.

मी रात्री झोपण्याआधी उद्याची यादी करतो. एखादं काम ३ दिवस पुढे ढकललं गेलं, तर त्याचे छोटे तुकडे करा. तरीही होत नसेल, तर ते खरंच करायचंय का हे ठरवा आणि नको असेल तर सरळ काढून टाका.