पेजेची वेळ आणि भाजी-पाव

मागच्या रविवारी बाबांना घेऊन फोंताइन्हासच्या गल्ल्यांतून चाललो होतो. एका नव्या कॅफेच्या दारात फळा उभा केला होता आणि त्यावर खडूने लिहिले होते : 'संडे ब्रंच, अकरा ते तीन'. बाबांनी विचारले, "ब्रंच म्हणजे कितें रे?" मी म्हटले, "सकाळचा नाश्ता आणि दुपारचे जेवण यांच्या मधले खाणे." बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे पेज!"

मी हसलो खरा, पण विचार केल्यावर पटले. 'ब्रंच' हा शब्द इंग्लंडमध्ये १८९५-९६ च्या सुमारास जन्माला आला. आपल्याकडे ती वेळ त्याच्या कितीतरी आधीपासून होती, फक्त तिला इंग्रजी नाव नव्हते. उजाडताना शेतावर किंवा कुळागरात गेलेला माणूस दहा-साडेदहाला घरी परतायचा. तेव्हा उकड्या तांदळाची गरम पेज, सोबत आटवलेली कालची कडी, भाजलेला सुका बांगडा, नाहीतर मिठाच्या पाण्यातली तोर. ही पेज पोटात गेली की दीड-दोन वाजेपर्यंत चिंता नसे. गोव्यातला माणूस दिवसाचे भाग घड्याळावर करत नसे, 'पेजेआधी' आणि 'पेजेनंतर' असे करत असे.

मग पणजीत ही पेज कुठे गेली? माझ्या मते ती हॉटेलात गेली आणि तिचा भाजी-पाव झाला. हे वाटते तितके साधे नाही, कारण त्यातल्या पावाला आपल्या हिंदू घरांत प्रवेश नव्हता.

पाव पोर्तुगीजांबरोबर आला. 'पाव' हा शब्द त्यांचा, आणि तो भाजणारा 'पोदेर' हा शब्दही त्यांच्याच 'पादेइरू'वरून आलेला. यीस्ट मिळेना तेव्हा माडाची सूर घालून पीठ फुगवण्याची युक्ती इथे रुजली. सासष्टीतल्या माजोर्ड्याचे पोदेर यात वाकबगार मानले जात. गोव्यात पावाचे गोत केवढे वाढले पाहा : चौकोनी पाव, कडक सालीचा उंडो, कोंड्याची पोळी, कातरो, बांगडीसारखे काकण.

पण याच पावाची हिंदू घरांत धास्ती होती. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकल्या आहेत. त्यात इतिहास किती आणि भीती किती हा प्रश्न वेगळा. मात्र भीती खरी होती आणि ती एका बाजूचीच नव्हती. गोव्यातले इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले आणि मधला थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याच्या १७३६ च्या फर्मानात, बाटलेल्या लोकांनी हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवू नये, असेही एक कलम होते. अ. का. प्रियोळकरांच्या इन्क्विझिशनवरील ग्रंथामुळे हे फर्मान बहुतेकांना माहीत झाले. म्हणजे पाहा, एका घरात पाव खाल्ला की धर्म जात होता आणि शेजारच्या घरात भात अळणी शिजवला की चौकशी येत होती. माणूस कोण हे त्याच्या ताटावरून ठरत होते. त्या काळात एका टेबलाशी बसून खाणे ही गोष्ट कोणाच्या कल्पनेतही बसली नसती.

पणजी शहराची वाढ या पार्श्वभूमीवर झाली. १७५९ मध्ये व्हाइसरॉय जुने गोवे सोडून इथल्या आदिलशहाच्या वाड्यात राहायला आला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. इन्क्विझिशन संपल्यावर सहा वर्षांनी, १८१८ मध्ये, इथे महालक्ष्मीचे देऊळ उभे राहिले. देवी मयेहून आली. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि कायद्याने हिंदूंना बरोबरीचे स्थान मिळाले. कचेऱ्या, कोर्ट, दुकाने, छापखाने यांच्या निमित्ताने पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतला माणूस पणजीला येऊ लागला. घरची पेज मागे राहिली आणि साडेदहाची भूक बरोबर आली.

ती भूक ओळखली आपल्याच हॉटेलवाल्यांनी. कॅफे भोसले आणि कॅफे ताटो ही दोन्ही नावे आज शंभरी ओलांडलेली आहेत. म्युनिसिपल गार्डनसमोरच्या मिस्टर बेकरने तर १९२२ हे साल नावातच घातले आहे. मला गंमत वाटते ती 'कॅफे' या शब्दाची. पाटी पोर्तुगीज वळणाची, मालक मराठी आडनावाचा आणि गिऱ्हाईक पिणार चहा! तोही शब्द पोर्तुगीजांच्या 'शा'चा सख्खा भाऊ.

भाजीही हिंदू हाताची, पण तिच्यात काय काय आहे बघा. सुकी भाजी बटाट्याची. बटाटा हा शब्दही पोर्तुगीज आणि कंदही त्यांनीच समुद्रापलीकडून आणलेला. मिरची तशीच, टोमॅटो तसाच. आमची आजी पावाला शिवत नसे, पण एकादशीला बटाट्याची भाजी उपासाला चालायची! ज्या गलबतांच्या वाटेने पाव आला त्याच वाटेने बटाटाही आला. पावाला सोवळ्यात जागा मिळाली नाही आणि बटाटा सरळ देवघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचला. यात तर्क शोधू नये. पावाच्या मागे एक आठवण होती, बटाट्याच्या मागे नव्हती, एवढेच.

१९५५ नंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली. तेव्हा घाटावरची भाजी बंद झाली आणि बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून येऊ लागला. म्हणजे त्या पाच-सहा वर्षांत पणजीच्या हॉटेलातली बशी खऱ्या अर्थाने जागतिक होती. आजच्या कुठल्या ब्रंचवाल्याने एवढ्या लांबून बटाटा आणला असेल?

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. नव्या सरकारी खात्यांना माणसे हवी होती. बाबा १९६५ मध्ये कारकून म्हणून लागले. सचिवालय तेव्हा आदिलशहाच्या वाड्यातच. मांडवीवर पूल नव्हता, तो १९७० मध्ये झाला. सकाळी सातला डिचोलीहून बस, बेतीला उतरून फेरीबोट, मग वाडा. घरातून निघताना पोटात फक्त चहा. साडेदहा वाजले की तीन-चार जण मिळून भोसले नाहीतर ताटो गाठायचे.

पहिल्या आठवड्यात बाबांनी नुसती भाजी खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात पाव खाल्ला आणि भाबडेपणाने घरी सांगितले. आजी म्हणाली, "पाव खालो मरे? वच, पयलीं न्हा!" रात्री आठ वाजता बाबांनी विहिरीवर आंघोळ केली. नंतर त्यांनी घरी सांगणे बंद केले, खाणे नव्हे.

त्यांच्या टेबलावर तिघे असत. बाबा, मडगावचा एक कारकून आणि रायबंदरचा एक ख्रिस्ती टायपिस्ट. १९६६ च्या अखेरीस विलीनीकरणाचा वाद पेटला. बाबा फुलाचे, म्हणजे गोवा महाराष्ट्रात जावा या मताचे. मडगावचा गृहस्थ दोन पानांचा, टायपिस्टही दोन पानांचा. एकाच्या हातात 'गोमन्तक', दुसऱ्याच्या हातात 'राष्ट्रमत', दोन्ही मराठी. टायपिस्ट दोघांना सांगायचा, "भाजी निवता मरे, आदीं खाया." १६ जानेवारी १९६७ ला मतदान झाले आणि दोन पाने ३४,०२१ मतांनी जिंकली. निकालाच्या दिवशी मडगावच्या गृहस्थाने तिघांचे बिल दिले. बाबा पुढचे कित्येक दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मात्र टेबल बदलले नाही. एकमेकांशी न बोलता तिघे रोज भाजी-पाव खात राहिले आणि मग एक दिवस मिरची फार तिखट निघाली म्हणून बोलणे पुन्हा सुरू झाले.

मराठीवर प्रेम करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मनात त्या निकालाची सल अजून असते. माझ्याही मनात आहे, खोटे का बोला? पण बाबांची ही गोष्ट मला त्या आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते. अडीचशे वर्षे ताटावरून माणसे वेगळी काढणाऱ्या भूमीत, ख्रिस्ती पोदेराचा पाव आणि हिंदू हॉटेलवाल्याची भाजी एका बशीत आली आणि भांडणारी माणसेसुद्धा तिच्याभोवती बसून राहिली. यासाठी कोणी परिषद भरवली नाही, ठराव केला नाही. साडेदहाला भूक लागत होती, एवढेच कारण.

आजीचे पुढे काय झाले तेही सांगतो. ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला आणि बाबा पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहू लागले. त्याच पावसाळ्यात आजीला ताप आला. तोंडाला चव नव्हती, पेज उतरेना. डॉक्टर म्हणाले, चहात पाव बुडवून द्या. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो, पण ती दुपार आठवते. आजीने कपाकडे बराच वेळ पाहिले, मग पावाचा मऊ भाग तेवढा खाल्ला आणि साल बशीत ठेवली. "वखद म्हूण," ती म्हणाली. बरी झाल्यावर तिने आंघोळ केली. पण पुढच्या आठवड्यात पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला तेव्हा, "नातवाक जाय" असे सांगून दोन उंडे घ्यायला तिनेच मला पिटाळले. एक माझा होता. दुसरा कोणी खाल्ला हे घरात कोणी विचारले नाही.

२००० मध्ये विधानसभा पर्वरीला गेली, सचिवालयही पाठोपाठ गेले. मीही बाबांसारखाच कारकून, पण माझी साडेदहाची वेळ नदीपलीकडच्या कँटीनमध्ये जाते. म्हणून सुट्टीच्या दिवशी बाबांना घेऊन पणजी गाठतो. त्या रविवारी फळ्यावरचे 'ब्रंच' वाचून झाल्यावर सोमवारच्या सुट्टीला आम्ही दोघे भोसल्यांकडे गेलो. बाबांनी मिक्स मागवली, म्हणजे सुकी आणि पातळ एकत्र. मी बन्स घेतले, वर एक मिरचीभजी. आमच्या टेबलाशी एक अनोळखी ख्रिस्ती आजोबा बसले होते. त्यांनी पाव मोडला, पातळ भाजीत बुडवला आणि बाबांना विचारले, "खंयचे तुमी?"

बाबांनी गाव सांगितले. मग दोघे कुठल्या सालापासून इथे येतात याचा हिशेब सुरू झाला. बारा वाजायला आले तरी तो संपला नव्हता. माझा दुसरा चहा झाला होता.